सरळ लिपी, झुलती लय

केरव्याचे आठ बोल कागदावर अगदी सरळ दिसतात : धा गे ना ती, न क धी न. दोन-दोन बोलांची जोडी धरली तर पायाचे चार ठोके होतात आणि प्रत्येक ठोक्याचे दोन सारखे भाग पडतात. पण किनवट-यवतमाळकडच्या गावांत काय किंवा आदिलाबाद, जैनथ, बेला या भागात काय, एकादशीच्या भजनाला बसलेला वादक हे बोल असे मोजून-मापून सारखे क्वचितच वाजवतो. जोडीतला पहिला बोल थोडा रेंगाळतो, दुसरा उशिरा येतो आणि पुढच्या ठोक्याला लगटतो. टाळकऱ्यांचे हातही त्याच हेलकाव्यात पडतात. वही मात्र सरळच राहते. त्यात ‘धागे’ असेच लिहिलेले असते आणि तेच योग्य आहे, कारण वाचणाऱ्याला चाल माहीत असते.

संगणकावरच्या स्वरलेखन सॉफ्टवेअरला ती माहीत नसते. त्याच्या पडद्यावर दोन सारखे स्वर काढले की ते दोन सारखे स्वर वाजवते. लिहिणे सरळ ठेवून वाजवणे झुलते कसे करायचे, हा या प्रकरणाचा विषय आहे. जॅझच्या जगात या झुलत्या लयीला स्विंग म्हणतात आणि सॉफ्टवेअरच्या मेनूंमध्येही हाच शब्द असतो. पण ही गोष्ट एकट्या जॅझची नाही. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या फ्रान्समध्ये सारखे लिहिलेले स्वर असमान वाजवण्याची रीत होती. आपल्याकडे लिहितात एक आणि वाजवतात वेगळे, हे फ्रांस्वा कूपरँने १७१६ सालच्या आपल्या हार्पसिकॉर्ड-वादनाच्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे.

पाच जाती आणि एक टक्का

स्विंग मोजण्याची सॉफ्टवेअरमधली रीत टक्क्यांची आहे. ठोक्याची एकूण लांबी १०० मानायची आणि त्यातला किती भाग पहिल्या स्वराला मिळतो ते सांगायचे. ५० टक्के म्हणजे दोन्ही स्वर सारखे, स्विंग नाही. ६७ टक्के म्हणजे दोनास एक हे प्रमाण, ७५ टक्के म्हणजे तिनास एक. या पट्टीवर नेमके कुठे थांबायचे ते पाश्चात्त्य पुस्तके बहुधा कानावर सोडतात. तबला शिकलेल्या माणसाजवळ मात्र या पट्टीच्या खुणा आधीपासून असतात. त्या म्हणजे लयीच्या पाच जाती.

भातखंडे पद्धतीत एका मात्रेतले स्वर किंवा बोल खालच्या अर्धचंद्राने एकत्र बांधतात. त्या अर्धचंद्रात ‘धागे’ लिहिले तर मात्रेचे दोन सारखे भाग. ‘धाऽगे’ लिहिले तर तीन भाग, त्यांतले दोन ‘धा’चे, ही तिस्र जाती आणि टक्का ६६.७. ‘धाऽऽगे’ लिहिले तर चार भागांतले तीन ‘धा’चे, ही चतुस्र जाती आणि टक्का ७५. खरी गंमत पुढे आहे. ‘धाऽऽगेऽ’ म्हणजे पाचांतले तीन भाग पहिल्या बोलाला, दोन दुसऱ्याला. ही खंड जाती झाली आणि तिचा टक्का बरोबर ६०. म्यूजस्कोअर या सॉफ्टवेअरमध्ये स्विंग सुरू केले की आपोआप येणारा आकडाही ६०च आहे. सात भागांची मिश्र जाती घेऊन चारास तीन असे वाटप केले तर ५७.१ टक्के येतात आणि नऊ भागांच्या संकीर्ण जातीत पाचास चार असे केले तर ५५.६.

म्हणजे ५० पासून ७५ पर्यंतची ही पट्टी जातींनी जवळजवळ पूर्ण आखली जाते. ज्याला तोंडाने ‘तकिट’, ‘तकतकिट’, ‘तकिटतकधिमि’ म्हणता येते त्याला टक्क्यांचा अंदाजही घेता येतो. प्रत्यक्ष वादक जातीचे गणित मांडून झुलत नाही. त्याचा हात या खुणांच्या अधेमधे फिरत असतो. तरीही सुरुवात कुठून करायची हे ठरवायला जातींइतकी उपयोगी पट्टी दुसरी नाही, आणि मराठी संगीतशिक्षकांनी ती वर्गात वापरायला हवी.

आता हे वेळेत मोजून पाहू. मिनिटाला १२० ठोके अशी लय घेतली तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. सरळ वाजवताना दोन्ही स्वर २५० मिलिसेकंदांचे. ६० टक्क्यांवर पहिला ३०० आणि दुसरा २००. ६७ टक्क्यांजवळ ३३३ आणि १६७. ७५ टक्क्यांवर ३७५ आणि १२५. मिश्र आणि खंड या दोन प्रमाणांत या लयीला फरक पडतो तो फक्त १४ मिलिसेकंदांचा. तो सुटा ऐकला तर कानाला सांगता येणार नाही. पण दोन-तीन मिनिटांच्या गाण्यात एकसारखा ऐकला की एक ठेका हलका आणि दुसरा जड वाटू लागतो.

संगणक वेळ मोजतो टिकमध्ये. म्यूजस्कोअर एका क्वार्टर नोटचे, म्हणजे इथल्या एका ठोक्याचे, ४८० टिक करतो. या आकड्याला २, ३, ४, ५ यांनी भाग जातो, म्हणून चतुस्र, तिस्र आणि खंड ही तिन्ही प्रमाणे त्यात काट्यावर बसतात : २४०, ३२०, २८८, ३६० असे पूर्ण टिक मिळतात. सातांनी मात्र ४८०ला भाग जात नाही, त्यामुळे मिश्र जातीचे प्रमाण जवळच्या टिकवर सरकवावे लागते. १२०च्या लयीत एक टिक साधारण एका मिलिसेकंदाचा असल्याने ही चूक ऐकू येत नाही. सिबेलियस एका क्वार्टर नोटचे २५६ टिक करते. तिथे तर तिस्राचे प्रमाणही पूर्ण आकड्यात येत नाही आणि तरीही कानाला काही खटकत नाही.

टक्क्यांची ही भाषा रूढ झाली ती तालयंत्रांमुळे. अमेरिकी यंत्ररचनाकार रॉजर लिन याने १९८०च्या सुमारास आपल्या एलएम-१ या तालयंत्रात दर दुसरा ठोका ठरावीक प्रमाणात मागे ढकलण्याची सोय केली. पुढे १९८८ सालच्या अकाई एमपीसी-६० या यंत्रात ती ५० ते ७५ अशा टक्क्यांत आली. यंत्राला हातासारखे वाजवता यावे यासाठी केलेली ही युक्ती आज जवळजवळ प्रत्येक संगीत-सॉफ्टवेअरमध्ये आहे.

मुंबईच्या स्टँडवरचे कागद

सरळ लिहून झुलते वाजवण्याची स्टाफ नोटेशनमधली सवय भारतात रुजली ती मुंबईत, आणि रुजवली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. व्हायोलिन किंवा ट्रंपेट घेऊन मुंबईला आलेल्या गोवेकर तरुणाला समोरचा कागद पहिल्याच नजरेत वाचता येई. १९३५ साली लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकी बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्डसारखे कलावंत आले. स्विंगची लय कागदात दिसत नाही, ती शेजारी बसून वाजवल्यावरच अंगात मुरते, आणि ही संधी गोवेकर वादकांना या बँडांमुळे मिळाली.

त्यांच्यातला सर्वांत गाजलेला म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ, ज्याला लोक चिक चॉकलेट या नावाने ओळखत. त्याच्या ट्रंपेटमुळे त्याची तुलना लुई आर्मस्ट्राँगशी होई. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांनी त्याला आपल्या चित्रपट-संगीतात आणले. १९५१च्या ‘अलबेला’त एकीकडे देशी केरवा आणि दुसरीकडे जॅझच्या बँडचा झोक असे दोन्ही ऐकू येतात. एकाच चित्रपटातली ही दोन अंगे शेजारी ठेवून ऐकली तर दोन्हीकडच्या हेलकाव्यांचे नाते लगेच कळते.

अशा वाद्यवृंदांच्या कागदांवर लिहिणाऱ्याने सगळ्या एट्थ नोट सरळ लिहायच्या आणि वर एकच शब्द टाकायचा, ‘स्विंग’. जिथे सरळ वाजवायचे तिथे ‘स्ट्रेट’. बाकी सारे वादकाच्या समजुतीवर. आजचे सॉफ्टवेअर याच रिवाजावर चालते. पानावरचा तो शब्द वाचून प्लेबॅक बदलायचा, स्वरांना हात लावायचा नाही.

याच्या उलट रीतही दिसते आणि ती टाळावी. नवशिके लिहिणारे हेलकावा ऐकू यावा म्हणून प्रत्येक जोडी ट्रिपलेटमध्ये किंवा डॉटेड एट्थ आणि सिक्स्टीन्थमध्ये लिहून काढतात. प्लेबॅक त्यांना हवा तसा येतो, पण पान कंसांनी आणि आकड्यांनी भरून जाते आणि वादकाला ते वाचवत नाही. शिवाय डॉटेड लिहिलेले वादक डॉटेडच वाजवतो, म्हणजे ७५ टक्के. त्यातला लवचीकपणा संपतो. लिपी वाचणाऱ्यासाठी असते आणि प्लेबॅक ऐकणाऱ्यासाठी. सॉफ्टवेअरने ही दोन कामे वेगळी केली आहेत, ती लिहिणाऱ्याने पुन्हा एकत्र करू नयेत.

प्रत्यक्ष केरवा

म्यूजस्कोअर विनामूल्य मिळते, म्हणून उदाहरण त्याचेच घेऊ. चार-चारच्या मापात एक तालवाद्याची ओळ घ्यावी आणि एका आवर्तनात आठ एट्थ नोट भराव्यात. सर्वसाधारण मिडी ताल-संचात तबला किंवा पखवाज नाही, त्यामुळे ‘धा’, ‘धी’ यांना खालच्या आवाजाचा काँगा आणि ‘ना’, ‘ती’ यांना वरच्या आवाजाचा बोंगो असा बदल करून भागवावे लागते. लय मिनिटाला ९६ ठोके ठेवावी. आता हे जसेच्या तसे वाजवले तर ते शाळेच्या कवायतीसारखे ऐकू येते : बोल सगळे बरोबर, पण भजनाचा मागमूस नाही.

स्विंग दोन ठिकाणांहून लावता येते. संपूर्ण रचनेसाठी फॉरमॅट मेनूतल्या स्टाइलमध्ये जाऊन स्कोअरच्या पानावर स्विंगची निवड करावी. तिथे तीन पर्याय असतात : बंद, एट्थ नोट आणि सिक्स्टीन्थ नोट. रचनेच्या काही भागापुरते हवे असेल तर पॅलेटमधला ‘स्विंग’ हा शब्द त्या जागी टाकावा आणि त्याच्या गुणधर्मांत टक्का भरावा. पुढे जिथे लय सरळ व्हायची तिथे दुसरा शब्द टाकून त्याचे स्विंग बंद करावे. नुसते ‘स्ट्रेट’ असे टंकले म्हणून भागत नाही, त्याच्या आतली जोडणी बदलावी लागते. ही चूक फार सर्रास होते आणि अंतरा सरळ हवा असताना झुलत राहतो.

६० टक्के लावल्यावर वरचा केरवा एकदम ओळखीचा होतो. ५६ किंवा ५७वर तो अधिक मोकळा वाटतो. काही अभंगांना असा हलका हेलकावा शोभतो. ६७वर मात्र वेगळेच काही घडते. प्रमाण दोनास एक झाल्याने कान ठोक्यात तीन मोजू लागतो आणि केरव्याला दादऱ्याची छाया येते. काही चालींत वादक मुद्दाम इथवर जातात, तेव्हा तो टक्का चुकीचा म्हणता येणार नाही. पण भजन लिहिताना सुरुवातीलाच ६७ लावणे म्हणजे ठेक्याची जातच बदलणे आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत ‘स्विंग म्हणजे ट्रिपलेट’ असे जे सोपे सूत्र वाचायला मिळते ते आपल्या ठेक्यांवर आंधळेपणाने लावू नये.

एट्थ की सिक्स्टीन्थ, हा प्रश्न इथेच सोडवावा लागतो. केरव्याचे आठ बोल एका मापात आठ एट्थ नोटांनी लिहिले तर स्विंग एट्थवर. पण पुष्कळ जण पूर्ण केरवा दोनच ठोक्यांत, म्हणजे सिक्स्टीन्थ नोटांत लिहितात. तेव्हा स्विंगही सिक्स्टीन्थवर लावावे, नाहीतर सॉफ्टवेअर भलतीच जोडी झुलवते : ‘धा-गे’ सरळ राहतात आणि ‘धागे’ व ‘नाती’ या दोन जोड्यांमधले अंतर वाकडे होते. ऐकताना ठेका लंगडतोय एवढेच कळते, कारण सापडत नाही. अशा वेळी सगळ्यांत आधी हाच पर्याय तपासावा.

सिबेलियसमध्ये टक्क्याऐवजी नावे निवडायची असतात. तिथल्या परफॉर्मन्सच्या खिडकीत ‘ऱ्हिदमिक फील’ या सदरात हलके स्विंग, साधे स्विंग, ट्रिपलेट स्विंग, शफल, सिक्स्टीन्थचे स्विंग असे पर्याय आहेत. फ्रेंच रिवाजाचे असमान स्वरही आहेत आणि व्हिएन्नाचा वॉल्ट्झही, ज्यात तीन ठोक्यांपैकी दुसरा थोडा लवकर येतो. पानावर ‘स्विंग’ हा शब्द लिहिला तरी सिबेलियस तो ओळखते. डोरिकोमध्ये हलके, मध्यम आणि भारी अशा श्रेणी आहेत. फिनाले या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्यूमन प्लेबॅक’ नावाची सोय होती. त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४मध्ये त्याचा विकास थांबवला. ज्यांच्या जुन्या फायली फिनालेत आहेत त्यांनी त्या म्यूजिकएक्सएमएल या फाइल-प्रकारात काढून ठेवायला हव्यात.

लय बदलली की टक्का बदलतो

एक टक्का ठरवून तो सगळ्या लयींना लावणे, ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले अँडर्स फ्रीबर्ग आणि आंद्रेयास सुंडस्ट्रॉम यांनी २००२ साली नामवंत जॅझ ड्रमवादकांच्या ध्वनिमुद्रणांतले झांजेचे ठोके मोजले. संथ लयीत पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याचे प्रमाण साडेतीनास एकपर्यंत गेले होते आणि अतिद्रुत लयीत ते घसरत एकास एकवर आले होते. मधल्या आणि जलद लयींमध्ये धाकटा स्वर साधारण १०० मिलिसेकंदांवर टिकून राहत होता. लय वाढली की लांब स्वर आखडतो, आखूड स्वर आपली जागा सोडत नाही.

यावरून कोष्टक न पाहता टक्का काढता येतो. मिनिटाला २०० ठोके असतील तर ठोका ३०० मिलिसेकंदांचा. धाकट्याचे १०० वजा केले की २०० उरतात, म्हणजे ६७ टक्के. २४० ठोक्यांच्या लयीत ठोका २५० मिलिसेकंदांचा, थोरल्याला १५०, म्हणजे ६० टक्के. ३०० ठोक्यांवर ठोका २०० मिलिसेकंदांचा, दोघांना शंभर-शंभर : स्विंग संपले. तबल्यातही हे रोज अनुभवाला येते. मध्य लयीत डोलणारा ठेका लग्गीत शिरला, बोल दुप्पट झाले की बोटे सरळ पडू लागतात, कारण त्या वेगात एका बोलाला रेंगाळायला जागाच उरत नाही. म्यूजस्कोअरमध्ये मात्र टक्का स्थिर राहतो. लय चढत जाणारे भजन लिहिताना म्हणूनच प्रत्येक टप्प्यावर नवा शब्द टाकून टक्का उतरवत न्यावा : ठाय लयीत ६२, मधल्या लयीत ५८, शेवटच्या द्रुत भागात ५०. हे आकडे प्रमाणभूत नाहीत, सुरुवातीचे आहेत. शेवटचा निवाडा कानाचा.

याच संशोधनातली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. पुढे वाजवणारे एकल वादक ड्रमवादकाइतके झुलत नव्हते. ते ठोक्यावरचा स्वर थोडा उशिरा घेत, पण ठोक्यांमधला स्वर मात्र ड्रमवादकाच्या स्वराशी अचूक जुळवत. समजा १२०च्या लयीत ड्रमवर ६७ टक्के आहेत, म्हणजे मधला ठोका ३३३ मिलिसेकंदांवर पडतो. एकल वादकाने ठोक्याचा स्वर ४० मिलिसेकंद उशिरा घेतला आणि मधला ३३३वरच जुळवला, तर त्याचा पहिला स्वर २९३ मिलिसेकंदांचा होतो आणि दुसरा २०७चा. त्याचा स्वतःचा टक्का ५९च्या जवळ येतो. ठेका भारी, गाणे हलके, आणि दोघांची गाठ ठोक्यांच्या मध्ये. जर्मनीतल्या गटिंगेन इथल्या संशोधकांनी २०२२ साली हा परिणाम प्रयोगाने तपासला, तेव्हाही पहिला स्वर किंचित मागे ठेवलेले वादन जाणकारांना जास्त झुलते वाटले.

लयीच्या किंचित मागे राहून गाणे हे आपल्या गायकांना शिकवावे लागत नाही. सॉफ्टवेअरला शिकवावे लागते. म्यूजस्कोअरमध्ये स्विंगची सूचना सिस्टिम टेक्स्टला जोडली तर ती सगळ्या वाद्यांना लागू होते आणि स्टाफ टेक्स्टला जोडली तर एकाच ओळीला. म्हणून ढोलकीच्या ओळीवर ६५ आणि गाण्याच्या ओळीवर ५८ असे वेगवेगळे आकडे देऊन पाहावेत. सगळ्या ओळींना एकच टक्का दिला की प्लेबॅक यांत्रिक वाटतो, त्याचे एक कारण हेच आहे.

आदिलाबादची दंडारी

सॉफ्टवेअरच्या यादीत व्हिएन्ना आहे, फ्रान्स आहे, सांबा आहे. आदिलाबाद नाही. इथल्या राजगोंडांच्या दंडारी या नाचाला दिवाळीच्या सुमारास गावोगाव रंग चढतो. मोरपिसांचे मोठे मुकुट घातलेले घुसाडी नाचतात, साथीला ढोल, डप्पू, गुमेला ही वाद्ये असतात आणि पेपरे हे सनईच्या जातीचे वाद्य. घुसाडी नृत्याचे गुरू मारलवाईचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ते २०२४ साली वारले. त्यांचे मारलवाई जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले. याच मारलवाईत १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ राहिले आणि त्यांनी राजगोंडांच्या जीवनाची तपशीलवार नोंद केली. गोंडांच्या कुळकथा गाणारे प्रधान किकरी या तंतुवाद्यावर त्या गातात, आणि त्यांच्या गाण्यात गोंडीसोबत मराठीही असते. त्यामुळे या संगीताशी मराठी वाचकाचे नाते दूरचे नाही. पौषात इंद्रवेल्ली मंडळातल्या केसलापूरला मेश्राम कुळाची नागोबा जत्रा भरते, तिला महाराष्ट्रातूनही लोक जातात.

हे संगीत लिहून ठेवायचे झाले तर कुठलाही तयार पर्याय उपयोगाचा नाही. हेलकावा मोजूनच घ्यावा लागेल. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. फोनवर केलेले स्वच्छ ध्वनिमुद्रण ऑडॅसिटी किंवा सोनिक व्हिज्युअलायझर यांसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडावे. ढोलाचा प्रत्येक ठोका पडद्यावर उभ्या सुळक्यासारखा दिसतो. एका मुख्य ठोक्यापासून पुढच्या मुख्य ठोक्यापर्यंतचे अंतर आणि मधल्या ठोक्याची जागा, एवढेच दोन आकडे लिहायचे. समजा मुख्य ठोक्यांत ६०० मिलिसेकंदांचे अंतर आले आणि मधला ठोका ३५४वर पडला, तर ३५४ला ६००ने भागून ५९ टक्के मिळतात. एका जोडीवरून काही ठरवू नये. निदान वीसेक जोड्या मोजाव्यात, सरासरी काढावी आणि आकडे किती पसरले आहेत तेही लिहावे. पसारा मोठा असेल तर वादक एका ठरावीक प्रमाणावर नसून नाचणाऱ्याच्या पावलांप्रमाणे बदलतो आहे असे समजावे. तेव्हा एकच टक्का लावणे ही चुकीची नोंद होईल.

नाचासोबत लय बदलते आणि ठोक्यांची रचनाही बदलते, म्हणून मुद्रणाचे तुकडे वेगळे पाडून मोजावेत. ज्या तुकड्यात ठोक्याचे दोन नव्हे तर तीन ठळक भाग ऐकू येतात तिथे स्विंग लावूच नये. तो भाग सरळ तिस्रात, म्हणजे बारा-आठच्या मापात लिहावा. पेपऱ्याच्या ओळीसाठी सर्वसाधारण मिडी संचात सनईचा आवाज आहे, ११२व्या क्रमांकावर. त्याने निदान वाद्याची जात कळते.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावी गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखिते सापडली. त्या लिपीला गुंजाळा गोंडी असे नाव मिळाले आणि २०१८ साली ती युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत आली. आज ती संगणकावर टंकता येते. त्याच भागातल्या ढोलाचे हेलकावे अजून कुठल्याही सॉफ्टवेअरच्या यादीत नाहीत, आणि ते तिथे पोहोचवायचे तर मोजलेल्या, तपशीलवार नोंदी हाच मार्ग आहे.

फाइल दुसऱ्याच्या हाती जाताना

लिहिलेली रचना दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची वेळ आली की हेलकावा हरवण्याची शक्यता असते. मिडी फाइलमध्ये काढताना सॉफ्टवेअर झुललेल्या वेळाच टिकमध्ये लिहून टाकते. ऐकायला ती ठीक असते, पण कुणी ती पुन्हा स्वरलिपीत उघडली तर सरळ जोड्यांच्या जागी ट्रिपलेट आणि विचित्र विराम दिसतात. म्हणून छापण्यासाठी किंवा बदलण्यासाठी मिडी कधीच पाठवू नये. पाठवायचीच असेल तर स्विंग बंद करून काढावी.

म्यूजिकएक्सएमएलमध्ये स्वर सरळ राहतात. २०२१ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून तिच्यात स्विंगचे प्रमाण लिहिण्याची स्वतंत्र सोय आली आहे : पहिल्या स्वराचे भाग, दुसऱ्याचे भाग आणि जोडी एट्थची की सिक्स्टीन्थची. खंड जातीचे तीनास दोन किंवा मिश्र जातीचे चारास तीन असे प्रमाण त्यात जसेच्या तसे मावते. मात्र समोरचे सॉफ्टवेअर ही माहिती वाचतेच असे नाही. त्यामुळे फाइल उघडल्यावर पहिली आठ आवर्तने ऐकून पाहावीत.

सावधगिरीचा सोपा उपाय म्हणजे पानाच्या माथ्यावर साध्या मराठीत एक ओळ लिहिणे : लय मिनिटाला ९६, स्विंग एट्थवर, ढोलकी ६२ टक्के, गाणे ५८ टक्के. सॉफ्टवेअर बदलले, जुने पडले किंवा बंद झाले तरी ही ओळ वाचता येते. आदिलाबाद, किनवट, पांढरकवडा या पट्ट्यात भजने, दंडारीचे ठेके किंवा प्रधानांची गाणी लिहून काढणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ, सरळ स्वरांची फाइल आणि मूळ ध्वनिमुद्रण ही तिन्ही एकत्रच जपून ठेवावीत.